पंचमीला भाजलेली वाळू

नागपंचमीला चिरू नये, तळू नये, विस्तवावर तवा-कढई ठेवू नये, हे मला माहीत आहे. वाळू भाजू नये, असं मात्र आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझा विकास फौजेत, राजस्थानच्या वाळवंटात. रजा संपवून तो गेला आणि त्याच्या बेडिंगातून आलेला बोटाएवढा सरडा आमच्या वडूजच्या घरात राहिला. फोनवर विकास म्हणाला, "आये, त्यो तापल्या वाळूतला हाय. पाय भाजाय लागलं की एकेक उचलून गार करतो. कुणी दिसलं की वाळूत बुडतो."

आमच्या श्रावणातल्या गारठ्यात तो एकही पाय उचलेना. (उचलून करणार काय? फरशी गारढोण.) हे गेल्यापासून घरात मी एकटी. टीव्हीशी बोलून बघितलं होतं, तो ऐकून घेत नाही. सरडा घेतो. हाही गेला तर मी बोलायचं कुणाशी?

म्हणून पंचमीच्या सकाळी कढईत वाळू कोमट केली, घमेल्यात ओतली आणि त्याला वर बसवलं. एवढ्यात खिडकीत शेजारच्या हिराकाकू.

"अगं शालन, पंचमीला कढई?"

"तळत न्हाई, काकू. वाळू भाजलीय. बाळाला गारठा सोसंना."

"कुठला बाळ?"

"ह्यो काय." मी घमेलं पुढे केलं. काकूंना बघून बाळ वाळूत गडप!

काकूंनी वाळूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जेवला का?" त्यांनी फार मायेनं विचारलं.

"मुंग्या खाल्ल्या लय," मी म्हणाले.

संध्याकाळपर्यंत घरी तीन देवळांचे अंगारे आले. काकूंनी विकासला फोन लावला, "तुझी आय वाळू भाजती आन् तिलाच बाळ म्हणती. मिळंल त्या गाडीनं ये."

तो आला. दारातच माझा हात धरून म्हणाला, "आये, मला वळखलंस न्हवं?" तेवढ्यात घमेल्यातून सरड्यानं डोकं काढलं. विकास मटकन खाली बसला आणि पोट धरून हसत सुटला. मला मात्र रडू आलं. पोरगं घाबरून आलं होतं आणि मला आनंद झाला होता.

चार दिवस घर भरल्यासारखं वाटलं. मग भोकं पाडलेल्या डब्यातून सरडा त्याच्या गावी गेला आणि विकास त्याच्या कामाला. जाताना म्हणाला, "दिवाळीला रजा मिळायची न्हाई, आये."

कढई घासून ठेवली आहे. वाळूही चाळून ठेवली आहे, हिराकाकूंच्या खिडकीतून दिसेल अशी.