रॅम्पला लावलेला लाल टॅग

“ट्रान्सव्हर्स मायलायटिस,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे मणक्यातल्या मज्जारज्जूला आलेली सूज. दोन दिवसांपूर्वी चाकणच्या कंपनीत शिफ्ट संपताना माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. आता कमरेखाली काहीच कळत नव्हतं. “काही पेशंट पूर्ण बरे होतात, काही अर्धे. वाट बघावी लागेल.”

मग एमआरआय, स्टिरॉइड, पाठीतल्या पाण्याची तपासणी, आणि बाहेर बाकावर बसून राहिलेली माझी बायको, सुनीता. दवाखान्यात मला सगळ्यांनी उचललं. वॉर्डबॉयनं, मेव्हण्यानं, एकदा तर शेजारच्या पेशंटच्या वडिलांनी. त्यांचे उपकार विसरणार नाही; पण दरवेळी मी भिंतीकडे तोंड करायचो, इतकी लाज वाटायची.

हात शाबूत राहिले, पाय गेले. सहा महिन्यांनी व्हीलचेअर स्वतः ढकलत चिखलीच्या घरात आलो, तेव्हा ठरवून टाकलं की आता कुणी मला उचलायचं नाही.

हा निश्चय पालिकेच्या कार्यालयाच्या दारातच अडला. दिव्यांग नोंदणीला खिडकीशी स्वतः हजर राहावं लागतं. दाराशी रॅम्प होता, पण निम्म्यावर खुर्ची मागे घसरायला लागली. सुनीतानं धरलं म्हणून वाचलो. आतून शिपाई धावत आला. “भाऊ, टेन्शन नका घेऊ. चौघं मिळून उचलतो की!” मनाचा चांगला माणूस. तरी मी नको म्हटलं आणि परत फिरलो.

“एवढी मान्सं मदतीला आली व्हती. काम तरी झालं आसतं,” सुनीता रिक्षात म्हणाली. नोंदणीची मुदत संपायला महिनाच उरला होता. तिचं काही चुकलं नव्हतं, मीच हट्टाला पेटलो होतो.

पंधरा वर्षं मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. आमच्यात माप चुकलेल्या जॉबला, म्हणजे मशीनवर बनलेल्या भागाला, लाल टॅग लावतात. त्यावर दोष लिहायचा, खाली सही करायची. मग खुद्द मालक आला तरी तो जॉब पुढे सरकत नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. एक टोक सुनीतानं धरलं. दाराच्या जोत्याची उंची अडीच फूट, रॅम्पची लांबी नऊ फूट. फूटभर चढाला बारा फूट लांबी लागते, म्हणजे इथं तीस हवी. लाल कार्डशीटवर सगळं लिहिलं, सही ठोकली आणि कठड्याला बांधून टाकलं.

बघ्यांची गर्दी जमली. पालिकेच्या इंजिनिअर मॅडम खाली आल्या.

“जागा कमी होती हो. जरा ॲडजस्ट करा ना.”

“आमच्याकडं असं म्हटलं की जॉब परत येतो, मॅडम.”

त्यांनी माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवला नाही. टेप मागून घेतला आणि स्वतः मोजलं. मला ते फार आवडलं, कारण असंच करायचं असतं. मोजून झाल्यावर त्यांनी टॅगवर माझ्या सहीखाली आपली सही केली.

तीन आठवड्यांत भिंतीला वळसा घालून नवा रॅम्प झाला. तुमच्यावर अशी वेळ आली तर भांडू नका असं मी सांगणार नाही. भांडा, पण टेप घेऊन जा.

मी चढलो. दंड भरून आले, पण एकटा चढलो. सुनीता आधीच वर जाऊन दारात उभी होती, पदरानं डोळे पुसत.

“भाऊ, इकडं या, तुमचं आधी करू,” शिपायानं हाक मारली.

खिडकीपुढे सात माणसं होती. “नंबर येऊ द्या,” मी म्हणालो, आणि आठवा म्हणून ताठ मानेनं रांगेत थांबलो.