भिंतीवरची गोधडी

माझ्या बायकोला सुईत दोरा ओवता येत नसे. शिवायला मात्र ती पटाईत. लहानपणी देवी आल्या आणि नजर अधू झाली. टाका बोटांना समजायचा, सुईचं नेढं काही सापडायचं नाही. म्हणून रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी मी सुया ओवून एका चिंधीला टोचून ठेवायचो. दुपारभर तिला त्या पुरायच्या. आमच्या संसारात माझ्या वाट्याला आलेलं हे एवढंच घरकाम. ती म्हणायची, "तुमाले एकच काम जमते, पण बेस जमते."

लढाईचे दिवस होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे आमच्या बदल्यांचे हुकूम नागपूरहून यायचे. तिथल्या कोणा साहेबाने कागदावर सही केली आणि आम्ही अमरावतीचं भरलं घर सोडून अकोल्याला दोन खोल्यांत येऊन पडलो. अकोल्याच्या उन्हाला नावं ठेवणं हा आम्हा अमरावतीकरांचा जुना छंद आहे, मीही तो मनापासून केला. तिने मात्र कधी तक्रार केली नाही. तिला खुपायचं ते वेगळंच होतं. अमरावतीला तिच्या जावा होत्या. घरात गोधडी अंथरली की चौघी चार बाजूंना बसायच्या आणि हातासोबत तोंडंही चालायची. अकोल्याला तिने गोधडी अंथरली तेव्हा चारही बाजूंना तीच होती. एक बाजू झाली की उठायची, वळसा घालून दुसरीकडे बसायची. मी हसून म्हणायचो, प्रदक्षिणा घालतेस की काय. ती हसायची नाही.

गोधडी निम्मीही झाली नव्हती आणि तिला मुदतीचा ताप आला. तापात तिने ऐकलं नाही. खाटेवर बसून, गोधडीची एक कड मांडीवर ओढून, "ही ओळ तेवढी पुरी करतो" म्हणत ती टाके घालत राहिली. ओळ अर्ध्यावर राहिली आणि ती गेली.

अमरावतीहून माझा भाऊ न्यायला आला होता. मी गेलो नाही. का गेलो नाही ते त्यालाही सांगता आलं नाही, आजही नीट सांगता यायचं नाही. गोधडी गुंडाळून दांडीवर टाकली. थंडी अंगावर काढली. सकाळी कचेरीत, संध्याकाळी घरी. चूल पेटवायची, दोन भाकरी थापायच्या, त्यातली एक करपवायची. घासलेट मिळायचं नाही, तेव्हा अंधार पडला की दिवस संपला. खरं सांगतो, बोलायला कोणी नसलं की माणसाला स्वतःच्या जेवण्याचा आवाज ऐकू येतो आणि तो ऐकवत नाही.

होळी झाली. एका रविवारी मी गोधडी खाली काढली आणि अंगणात अंथरली. वरची जुनी लुगडी तिची, आतली माझी धोतरं. कडेच्या ओळी सगळ्या सुतासारख्या सरळ. एका लांब बाजूला मात्र शेवटची ओळ नाल्यासारखी वळत गेलेली आणि मधेच थांबलेली. कड तिची होती, तिला हात लावायचा नव्हता. म्हणून मी आपला गोधडीच्या बरोबर मध्यावर बसलो आणि तिथून शिवायला सुरुवात केली.

"कावून वो बाबू, हे काय करून राह्यले तुमी?"

भिंतीपलीकडून शेजारची माळीण बुढी बघत होती. आमच्या आणि तिच्या अंगणात छातीएवढी मातीची भिंत होती. मोर्णेच्या काठी त्यांचा भाजीचा मळा होता. सकाळी बाजार उरकून ती दुपारी घरी यायची. मग ती, तिची सून आणि गल्लीतल्या पिंजाऱ्याची बायको निंबाखाली गोधड्या शिवत बसायच्या. त्यांचं हसणं मी कैक रविवारी ऐकलं होतं. माझ्या बायकोनेही ऐकलं असणार. पण ती होती लाजरी, आणि बोलावल्याशिवाय कुणाच्या अंगणात जायचं नाही हे तिच्या माहेरचं वळण.

"गोधडी शिवतो, माय," मी म्हणालो.

"ते दिसून राह्यलं. मंधातून सुरू करतेत का कोनी? कडेनं चाला. वावरात नांगर कसा फिरते? कडेकडेनं, मंग मंधात. आन एक ध्यानात ठेवा, पह्यली ओळ वाकडी त मांगची सारी वाकडी. मंग मंधात पोट सुटते गोधडीले."

मी मधले टाके उसवले आणि बायकोच्या ओळीसमोरच्या कडेला बसलो. बुढी उभीच होती. जरा वेळाने म्हणाली, "आना इकडं. दुपारची आमी घालतो दोन-चार ओळी. संध्याकाळी तुमी घाला."

मी येऊ का तिकडे, असं काहीतरी मी बोललो असेन. बुढी एकदम कडक झाली. "तुमी नोका येऊ. लोकाइले बोलाले निमितच पाह्यजे. गोधडीले कोन बोलते?"

तेव्हापासून गोधडी भिंतीवरून जायला-यायला लागली. कचेरीत निघताना मी ती घडी करून भिंतीवर ठेवायचो, परत आलो की ती तिथेच असायची, फक्त दोन ओळींनी पुढे सरकलेली. बुढीलाही दिसायचं कमी, हे मला कळलं तसा मी चिंधीला सुया ओवून टोचायला लागलो. संध्याकाळी चिंधीतल्या सुया रिकाम्या होऊन यायच्या. कचेरीत ही गोष्ट कशी फुटली कोण जाणे. हेडक्लार्क म्हणाला, "बाबूसाहेब, बांगड्या कोणत्या मापाच्या आणू?" मी म्हटलं, तुमच्या मापाच्या आणा, माझ्याकडे आहेत. त्यानंतर त्याने विचारलं नाही.

हळूहळू मला हात ओळखू यायला लागले. बुढीचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, एकाला एक लागून. सुनेचा लांब, कुठेतरी जायची घाई असल्यासारखा. माहेरचं कोणी येऊन गेलं की तो बारीक व्हायचा. पिंजाऱ्याची बायको डावखुरी असावी, तिचा टाका उलटीकडे झुकायचा. बुढी सोडली तर या बायकांची तोंडं मी धड पाहिली नव्हती. पण आज कोणाचं बिनसलं, आज कोण हसत होतं, हे मी संध्याकाळी गोधडीवर हात फिरवून सांगू शकलो असतो. सांगायला कोणी नव्हतं, एवढंच. त्यांनीही माझे टाके पाहून काही ओळखलं असेल का, असं मनात यायचं. मी चांगले घालायचो, पाहुणे येणार असले की घर झाडतात तसे.

माझी बाजू मी पुरी केली. त्यांनी दोन्ही आखूड बाजू घेतल्या. बायकोची बाजू तेवढी राहिली. ती सोडा, असं मी त्यांना सांगायला हवं होतं असं आता वाटतं. पण तेव्हा ते तोंडातून निघालं नाही, आणि भिंतीवरून ओरडून सांगायची ती गोष्टही नव्हती.

एका शनिवारी कचेरीतून आलो तर बुढी भिंतीपाशी वाट पाहत उभी. चेहरा फुललेला. "बाबू, तुमचं शिकतानाचं वाकडं सारं उसवून टाकलं आमी! आता पाहा, कशी सरळ आली. दोरा नाई फेकला, काडीले गुंडायला हाय. दोऱ्याले आजकाल सोन्याचा भाव. सोमवारी पुढच्या ओळी घालतो, मंग झालीच तुमची गोधडी."

मी गोधडी उलगडली. नाल्यासारखी वळत गेलेली ती ओळ नव्हती. तिच्या जागी बुढीच्या ज्वारीच्या दाण्यांची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती, आणि खराट्याच्या एका काडीला जुना पांढरा दोरा गुंडाळून कडेला खोचलेला होता.

"बरं केलं, माय," मी म्हणालो.

घरात येऊन मी बराच वेळ काडी हातात धरून बसलो. संताप आला. बुढीवर आला, पण तिने तर माझ्यावर उपकार केले होते. नागपूरच्या साहेबावर आला, तापावर आला, शेवटी त्या वेड्या बाईवर आला जिने तापात सुई सोडली नाही. मग रडलो. ती गेली तेव्हा लोक होते म्हणून रडलो नव्हतो.

रविवारी सकाळी उन्हात गोधडी धरली तेव्हा भोकं दिसली. जुनं, मऊ कापड. दाभणासारखी जाड सुई. तिच्या एकाही टाक्याचं भोक अजून मिटलं नव्हतं. बुढीच्या सरळ ओळीच्या खाली-वर ती भोकांची वाट वळत चालली होती. सोमवारी त्यांच्या पुढच्या ओळी पडल्या की ती झाकली जाणार, आणि गोधडीला पाणी लागलं की मिटून जाणार.

आता शिवणाऱ्यांत एक रीत असते. जाणत्या हाताने शिकाऊचे टाके उसवावेत, त्यात अपमान नाही, ती माया. पण शिकाऊने जाणत्याचे उसवले तर ते तोंडावर थुंकल्यासारखं. माझ्या आईने एका चुलतीशी कायमचा अबोला धरला तो एवढ्याच गोष्टीवरून. मी बुढीची ओळ उसवली तर ती काय समजणार ते मला ठाऊक होतं. आणि भिंतीपलीकडच्या त्या तिघी सोडल्या तर अकोल्यात माझं कोणी नव्हतं. दुपारपर्यंत मी नुसता बसून राहिलो. मग बुढीची ओळ उसवली.

काडीवरचा दोरा ओवला आणि भोकाभोकांतून निघालो. सुई आपोआप जात होती. सुरुवातीचे टाके तिचे नेहमीचेच, बारीक. मग एका ठिकाणी लांब, बहुतेक तिथे हात थरथरला असेल. पुढे दोन टाके एकाच भोकात. तिथे ती थांबून पुन्हा लागली असणार. एके जागी ओळ एकदम वर गेली होती. त्या दिवशी मी तिला पाणी द्यायला गेलो आणि ती दचकली होती, ते आठवलं. जिथे भोकं संपली तिथे मीही थांबलो. ती गेल्यापासून तेवढी एकच दुपार मी एकटा नव्हतो.

सोमवारी गोधडी भिंतीवर ठेवली, चिंधीत सुया टोचल्या आणि मागे न बघता कचेरीत गेलो. संध्याकाळी भिंत रिकामी होती. दुसऱ्या दिवशीही रिकामी. निंबाखाली दुपारी कोण बसतं की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. बुढी एकदा दिसली, पदर तोंडाशी नेऊन आत गेली. मी मनातल्या मनात तिला सगळं समजावून सांगायचो, भाकरी थापताना, कचेरीत कागद हलवताना. भिंतीपाशी गेलो की तसाच परत फिरायचो. परक्या बायांना काय सांगायचं, ही माझ्या बायकोची थरथर आहे म्हणून? रविवारही तसाच गेला. भावाला, येतो म्हणून कळवावं, असं ठरवत आणलं होतं.

मग एके संध्याकाळी गोधडी भिंतीवर होती. धुतलेली, उन्हात वाळवलेली, पुरी झालेली, वर रिकाम्या सुयांची चिंधी.

मी ती तिथेच उलगडली. तिची ओळ होती तशीच होती. जिथे ती अर्ध्यावर थांबली होती तिथून पुढे ज्वारीचे दाणे लागले होते आणि टोकापर्यंत गेले होते. त्याच्या आतली ओळ तिच्याच वळणाने वळली होती. त्याच्या आतलीही. बुढीची, सुनेची लांब, डावखुरीची झुकलेली, सगळ्या ओळी जिथे ती वर गेली तिथे वर, जिथे खाली आली तिथे खाली, अशा थेट मध्यापर्यंत गेल्या होत्या. मध्यावर गोधडीचं पोट सुटलं होतं.

बुढी भिंतीआड उभी होती, मला आधी दिसली नाही. "पह्यले मले राग आला," ती म्हणाली. "मंग पिंजारीन म्हने, अम्मा, टेढा दुबारा टेढाच कोई सीता क्या? ये उसकी घरवाली का होयेंगा. मंग मी बोट फिरवून पाह्यलं. तापातला हात हाय तो. मले उसवतानाच समजाले पाह्यजे व्हतं, जळो हे डोये. तुमी कावून नाई सांगतलं?"

मी त्या वळत्या ओळीवरून बोट फिरवत राहिलो.

"येवढी शेजारी राह्यली, कधी आवाज नाई दिला तिनं. आमी बी नाई दिला," बुढी म्हणाली. "आता गेलो तिच्या मांगं मांगं. पोट सुटलं हाय, ते राहू द्या."

ती आत गेली. मी गोधडी घेऊन घरात आलो. पांघरायचे दिवस नव्हते, तरी पांघरली, आणि मध्यावरचा उंचवटा छातीवर घेऊन पडलो. तिला हवी होती तशी गोधडी झाली होती, चारही बाजूंना माणसं असलेली. बाजूला हात टाकला तर खाट रिकामी होती. आणि गोधडीच पुरी झाली, तर आता भिंतीवरून न्यायला-आणायलाही काही उरलं नव्हतं.

सकाळी उठलो, सवयीने चिंधी घेतली, सुया ओवल्या आणि भिंतीवर ठेवून कचेरीत गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा सगळ्या सुया रिकाम्या झाल्या होत्या.