माझ्या वजनाचं पोतं

पोलिओनं माझे पाय लहानपणीच अधू केले. तरी ऐंशी सालाच्या आसपास मला खालापूरच्या एका कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. आमचं घर खोपोलीला. एसटीत माझी चाकांची खुर्ची काही चढेना. गल्लीतला टेंपोवाला म्हणाला, "ताई, खुर्चीसकट मागं बसा. मी सोडतो तुमाला."

पहिल्याच दिवशी म्हैस आडवी आली. त्यानं ब्रेक मारला आणि मी खुर्चीसकट पुढं जाऊन केबिनच्या पत्र्यावर आदळले. कपाळावर टेंगूळ घेऊनच कामावर हजर झाले.

वडील कारखान्यात फिटर. टेंगूळ पाहून त्यांनी मला रजा घ्यायला लावली. रविवारी त्यांनी टेंपोच्या तळाला बोल्टनं चार कड्या बसवल्या, पट्ट्यांनी खुर्ची आवळली.

"आता बसू?" मी विचारलं.

"तू नाय. आधी पोतं."

रेशनच्या काट्यावर मला तोलून त्यांनी तेवढंच वाळूचं पोतं भरलं. आईनं गमतीनं त्याला माझं जुनं पोलकं चढवलं. पोतं खुर्चीत ठेवलं. टेंपोवाल्यानं मोकळ्या रस्त्यावर टेंपो पळवला, करकचून ब्रेक दाबला. खुर्ची तसूभर हलली नाही. पोतं मात्र उडालं आणि पत्र्यावर फुटलं. मला हसू आवरेना. वडील वाळूतलं पोलकं उचलून तसेच उभे राहिले. आईनं ते त्यांच्या हातातून हिसकावलं. "पुन्हा नाही घालायचं त्याला," म्हणाली.

पुढच्या रविवारी कमरेला पट्टा आला, पण तो खुर्चीलाच बांधलेला. ब्रेकसरशी नव्या पोत्याच्या भारानं खुर्चीची पाठ वाकली. "ही खुर्ची घरात बसायची. तिच्यावर किती भार टाकायचा?" वडील पुटपुटले. मग त्यांनी पट्टा थेट टेंपोच्या तळालाच जोडला, दुसरा खांद्यावरून घेतला.

या वेळी पोतं जागच्या जागी राहिलं. "बसलं की वो काका!" टेंपोवाला ओरडला. तरी वडील स्वतः खुर्चीत बसले, दोनदा ब्रेक मारायला लावला. उतरताना पट्ट्याच्या जागी छाती चोळत होते, पण चेहरा खुलला होता. "उद्यापास्नं जा गं कामावर," म्हणाले.

सोमवारी टेंपोच्या बाजूची ताडपत्री गुंडाळून मी निघाले. वाऱ्यानं केस विस्कटले, साडीत धूळ भरली. कचेरीत साहेबांनी विचारलं, "आज काय खुशीत?" मी म्हटलं, "गाडीनं आले."