मेलेला बाप श्वास घेतो

माझा धाकटा भाऊ सिनेमात आहे असं सांगितलं की लोक विचारतात, कोणत्या रोलमध्ये? तो पडद्यावर कुठेच नसतो. कोणत्या प्रसंगात कोणाच्या अंगावर काय होतं, पदर कसा होता, बटणं किती लावली होती, हे सांभाळणं त्याचं काम. आज दारात उभा राहिलेला नट आठवडाभराने घरात शिरतो, तेव्हा तो तसाच दिसावा लागतो.

त्याचं नाव सिनेमाच्या पाट्यांमध्ये पहिल्यांदा झळकलं तेव्हा आई हिंगणीहून बसने वर्ध्याला आली. आम्ही घरची सगळीच टॉकीजमध्ये गेलो. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, मधल्या खुर्चीवर बसले. ते बँकेतून निवृत्त झालेले, आणि जुन्या सिनेमांवर त्यांचा शब्द घरात शेवटचा. पाट्यांत भावाचं नाव आलं तेव्हा आईने माझा हात दाबला. तिला इतकी खूश मी माझ्या लग्नातही पाहिली नव्हती.

अर्ध्या सिनेमात नायक विहिरीवर पाणी ओढत होता, बाह्या दुमडलेल्या. पुढच्याच क्षणी बाह्या मनगटापर्यंत सरळ.

"हे पाहा! बाही पाहा, बाही!" भासरे ओरडले. पुढच्या रांगा वळून हसल्या. भाऊ खुर्चीत खाली सरकला.

तिथे थांबले असते तरी मी विसरले असते. पण घरी जेवायला बसल्यावर त्यांनी आईलाच धरलं. "आमच्या वेळी सिनेमा म्हणजे जीव ओतून केलेलं काम होतं. एक गोष्ट चुकत नव्हती. आता कोणाले काई पडलेलं नाई. तुमच्या पोराले बाह्या पाहाचंच काम देल्लं होतं ना? तेही नाई जमलं!"

"चुकलं, भाऊजी," भाऊ म्हणाला आणि हात धुवून उठला. आई ताटातला भात बोटांनी गोळा करत राहिली. त्यानंतर भाऊ कधी आमच्या घरी आला नाही. मुंबईहून यायचा तो थेट हिंगणीला.

मी त्याच दिवशी ठरवलं.

सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. बारीक गोष्ट शोधणं माझ्या हातचं काम. भासऱ्यांचा जीव ज्या काळ्यापांढऱ्या सिनेमावर होता, तो मी मोबाइलवर घेतला आणि डब्याच्या सुट्टीत तुकड्यातुकड्याने पाहू लागले. एका टांगेवाल्याची मुलगी पूर आलेली नदी ओलांडून डॉक्टरला बोलावायला जाते, परत येते तोवर बाप गेलेला असतो, एवढी गोष्ट. या शेवटाला भासरे दरवेळी रडायचे आणि चष्मा पुसायचे.

पहिल्यांदा मलाही रडू आलं, आणि त्याचा मला रागच आला. मग मी आवाज बंद करून पाहिला. पुरातून निघालेल्या मुलीचे केस डॉक्टरच्या दारात कोरडे होते. डाव्या पायाला लागलेलं, ती उजव्याने लंगडत होती. आणि शेवटी, ज्याच्यासाठी भासरे चष्मा पुसत, तिथे बापाच्या छातीवरची चादर हळूच वर गेली आणि खाली आली. डबा तसाच ठेवून मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. इतकं गोड मला पूर्वी काही लागलं नव्हतं.

संधी पुतणीच्या, म्हणजे भासऱ्यांच्या मुलीच्या, साखरपुड्यानंतर, आमच्याकडच्या साक्षगंधानंतर, आली. समुद्रपूरचे नवे व्याही रविवारी जेवायला आले. जयभीम झाला, जेवणं झाली, आणि भासऱ्यांनी टीव्हीवर तोच सिनेमा लावला. "पाहा, याले म्हणतात काम. एक चूक दाखवा."

केस कोरडे दिसले, मी गप्प राहिले. पाय बदलला, तरी गप्प. मुलीने बापाच्या छातीवर डोकं ठेवलं, भासऱ्यांनी चष्मा काढला, तेव्हा मी अगदी साध्या आवाजात म्हणाले, "भाऊजी, मेलेला माणूस श्वास घेऊन राह्यला."

"कुठं?" विहीणबाई पुढे वाकल्या.

"मांगं घ्या बरं," व्याही म्हणाले. मी रिमोट घेतला आणि मागे घेतलं. चादर वर गेली. विहीणबाई तोंडावर पदर घेऊन हसू लागल्या. "अवो, जित्ता हाये हा!" पुन्हा मागे घेतलं. आता नवरामुलगाही हसत होता. मग मी केस दाखवले, पाय दाखवला. भासरे चष्मा हातात धरून बसले होते. तो त्यांनी पुन्हा डोळ्यांवर चढवला नाही.

पाहुणे गेल्यावर नवरा म्हणाला, "तुले काय भेटलं?"

"जे पाहिजे होतं ते."

लगेच भावाला फोन केला. वाटलं, तो हसेल.

"ताई, तो श्वास सगळ्यायलेच माहीत आहे," तो म्हणाला. "आमच्यात त्याची गोष्ट सांगतात. त्या पोरीचं रडणं दुसऱ्यांदा तसं आलंच नाई. मग त्यांनी श्वास राहू देल्ला, रडणं ठेवलं."

"अन् तुझी बाही?"

"मी डायरेक्टरले सांगितलं होतं, बाही चुकली म्हणून. ते म्हणाले, उन्हं चालली, कोण पाहाते?"

"म्हणजे भाऊजीचंच खरं?"

"बाहीच्या बाबतीत, हो."

मी फोन आपटला. ज्याच्यासाठी एवढं केलं, तोच त्यांच्या बाजूने! पण रात्रीपर्यंत राग पुन्हा जागेवर, भासऱ्यांवर, आला. जुना सिनेमा जीव ओतून केला असेल. माझ्या आईला ताटावर बोलायचा परवाना त्याने मिळत नाही.

पुतणीच्या लग्नात भाऊ आला. विहारासमोरच्या मांडवात भासरे स्वतः त्याच्याकडे गेले. माफी मागतील म्हणून मी वाढणं सोडून जवळ सरकले.

"काऊन रे," ते म्हणाले, "ते पुराचं पाणी खरं होतं का टाकीतलं?"

भावाने खुर्ची ओढली. दोघं पंगत उठेपर्यंत बोलत बसले. माफीचा शब्द निघाला नाही. भावाला तो नकोच होता बहुतेक. मला हवा आहे. आईसाठी, आणि तिच्या देखत. तोवर आमच्या घरात कोणी जुना सिनेमा लावला की मी खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसते, आणि भासरे उठून अंगणात जातात.