दिगंबरचा अंगठा

दिगंबर गायकेचा उजवा अंगठा कधी स्वस्थ नसे. चहाच्या टपरीवर शेजारच्या बाकावरून कोणी शिवी हासडली की याचा अंगठा टेबलावर दाबला जाई आणि शिवी संपली की उठे. पुतण्याच्या लग्नात व्याह्यांनी बँडवाल्यांचा उद्धार केला, तेव्हा त्याने हातातला पेढा दाबून सपाट केला होता. नोकरी त्याच्या हाडात उतरली होती.

आमच्या शहरातली एक स्थानिक वाहिनी दरवर्षी संगीत पुरस्कारांचा सोहळा थेट दाखवते. थेट म्हणजे काही सेकंद उशिराने. तेवढ्या अवधीत एक कळ दाबली की सभागृहात उच्चारलेला शब्द घरोघरी पोहोचत नाही. चित्र चालू राहते, ओठ हलत राहतात, आवाज नसतो. सभागृहामागे उभ्या केलेल्या गाडीत, कानाला हेडफोन लावून, ही कळ दिगंबर सांभाळीत असे. मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक. कोणता शब्द शिवी मानावा, हे ठरवण्यासाठी वाहिनीने मला बोलावले होते.

"सर, 'भाड्या' काढायचा का?"

"काढायचा."

"आमच्या गंगापुरात मामा भाच्याला लाडानं म्हणतो."

"मामाने घरी म्हणावे."

"मंग भाच्याला बक्षीस मिळालं अन् मामाच स्टेजवर चढला तर?"

"तर मामाला दाब."

तो मोठ्याने हसला. मीही हसलो असेन.

मी त्याला एकच नियम घालून दिला होता. शिवी कापायची, म्हणणे कापायचे नाही. तो नियम त्याने पाळला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका वर्षी रॅप करणाऱ्या एका मुलाने बक्षीस घेताना आईचे आभार मानले आणि त्याच श्वासात आपल्याला नापास करणाऱ्यांची आई काढली. दिगंबरने पहिली ठेवली, दुसरी उडवली. "एक आई पुरे, सर," तो म्हणाला. दुसऱ्या एका वर्षी एका शाहिराने पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्याच्या नव्या गाडीवर तिथल्या तिथे कवन रचले. वाहिनीचे मालक हेडफोनमधून ओरडले, "काप त्याला!" मी दिगंबरच्या मागेच उभा होतो. त्याने दोन्ही हात वर उचलले. "शिवी नाय, मालक. टोमणा हाय." कवन शेवटच्या ओळीपर्यंत घरोघरी गेले. त्या दिवशी मी त्याचा हात हातात घेतला. असे मी सहसा करीत नाही.

गेल्या सोहळ्यात वाहिनीने मला परीक्षक मंडळाचा अध्यक्ष केले. लोकगीताचा पुरस्कार आम्ही एकमताने देवगाव रंगारीच्या कमल पवारला दिला होता. ती मुलगी गात असताना आम्हा तिघा परीक्षकांपैकी कोणी लेखणी उचलली नव्हती. मी स्मृतिचिन्ह घेऊन व्यासपीठावर उभा असताना निवेदिकेने दुसरेच नाव पुकारले. सोहळ्याचा खर्च उचलणाऱ्या गृहस्थांचा तो भाचा होता.

मी तिच्या हातून माईक घेतला. "हे नाव परीक्षकांनी निवडलेले नाही. आमची निवड ती समोर बसली आहे. कमल पवार." आणि मी दुसऱ्या रांगेतल्या कमलकडे बोट केले. यापेक्षा एक शब्द जास्त बोललो नाही. लगेच वाद्यवृंद सुरू झाला.

घरी बसलेल्या शहराला यातले काहीही ऐकू गेले नाही. त्यांना माझे ओठ हलताना दिसले. या सोहळ्यात आवाज गेला म्हणजे कोणी तरी शिवी दिली, हे आम्ही दोघांनीच त्यांना इतकी वर्षे शिकवले होते.

पुंडलिकनगरातल्या भाजीवाल्याने दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी देता देता विचारले, "सर, लई मोठी दिली म्हणं. कोन्ती दिली?" एक जुना विद्यार्थी भेटला. "वर्गात तुम्ही आम्हाला नुसतं 'ठोंब्या' म्हणायचे सर. आम्ही स्वस्तात सुटलो." हे सोसण्याजोगे होते.

संध्याकाळी कमलचा फोन आला. तिच्या गावात माणसे मुद्दाम टीव्हीपुढे जमली होती. एक म्हातारा त्यांच्या मुलीकडे बोट रोखून काहीतरी बोलतो आणि त्याचा आवाज कापावा लागतो, एवढे त्यांनी पाहिले.

"तुम्ही माझंच नाव घेतलं, असं मी समद्यांला सांगितलं, सर. पण वडील म्हणतात, नाव घेतलं असतं तर ऐकू आलं असतं. आता कुठं गायला जायचं नाय म्हणतात."

कळीवर त्या दिवशी दुसरे कोणी असेल, असे मी धरून चाललो होतो. काही दिवसांनी दिगंबर घरी आला. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला.

"कळीवर कोण होते?"

"मीच होतो, सर."

"मी शिवी दिली?"

"नाय."

"मग?"

"कानात मालक होता, सर. तुम्ही लांब होता."

"शाहिराच्या वेळीही मालक कानात होते."

त्याने कप फिरवून ठेवला. "तवा माझं वय होतं. आता कुठं काम मागत फिरू? अन् तुमचं बी भलंच झालं. त्यांनी कोर्टात खेचलं असतं तुम्हाला."

"माझे भले राहू दे. देवगावला चल. तिच्या वडिलांना एवढेच सांग, की मी काय बोललो. तुझ्या कानांवरून गेले आहे ते."

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "मला काय आठवत नाय, सर."

कोणत्या वर्षी कोणाचा कोणता शब्द कुठे कापला, हे विचारल्याबरोबर सांगणारा हा माणूस.

मी उभा राहिलो. वर्गात श्रुतलेखन घालताना बोलत असे, तसे सावकाश बोललो. "हे नाव परीक्षकांनी निवडलेले नाही. आमची निवड ती समोर बसली आहे. कमल पवार."

दिगंबरने मान वर केली नाही. त्याचा उजवा अंगठा मात्र खुर्चीच्या हातावर दाबला गेला होता. वाक्य संपले, तेव्हा अंगठा उठला.

मी दार उघडून धरले.