खोटे चार दिवस

आयुष्यात मी मारलेल्या थापांपैकी सगळ्यात नीट वठलेली थाप म्हणजे, पाळी आलेली नसताना मी चार दिवस बाजूला बसले ती. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मी सातारची, आणि सासर कवठे महांकाळजवळच्या एका गावात. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारा. सासरे आधीच गेलेले, माझी आईही लग्नापूर्वी गेलेली. घरात मी आणि आत्याबाई, म्हणजे माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. दोन बायका आणि एक म्हैस असा संसार. तिघींत म्हैस जास्त बोलायची.

नवरा सुट्टी संपवून गेला आणि मी थोडे दिवस साताऱ्याला वडिलांकडं आले, तिथंच पहिला महिना चुकला. मेडिकलमधून पट्टी आणून घरीच तपासलं. दोन रेघा आल्या. फोनवर नवरा आधी नुसताच हसला, मग म्हणाला, "तीन महिनं हुईस्तोवर आईला सांगू नगंस. तिला आदी बोललेलं खपत न्हाई." ते खरं होतं. शेजारच्या सुनेनं दुसऱ्याच महिन्यात गावभर सांगितलं, तेव्हा दृष्ट लागंल म्हणून आत्याबाईच तिच्यावर चिडल्या होत्या. मी तोंडाला कुलूप घातलं.

सासरी परतल्यावर अडचण ध्यानात आली. आमच्या घरात पाळी पाळतात. चार दिवस स्वयंपाकघरात पाऊल नाही, देवाजवळ फिरकायचं नाही, सोप्याशेजारच्या खोलीत वेगळी चटई आणि वेगळं ताट. माझ्या तारखा आत्याबाईंना माझ्यापेक्षा पक्क्या ठाऊक. दुसऱ्या महिन्याची तारीख आली तशी मी सकाळी उठून म्हटलं, "आत्याबाई, मला शिवू नका." आणि चार दिवस चटईवर ऐटीत मोबाईल बघत पडले. मळमळलं की गोठ्यामागं जायचं. पोटातल्या जिवाला मी सांगायची, बघ बाई, तुझ्यापायी काय काय नाटकं करावी लागतात. एकटीचं होतं, पण फार सुखाचं होतं ते गुपित.

त्यानंतर पंधरा दिवसांनी धुणं वाळत घालताना कमरेत कळ आली आणि रक्त गेलं.

मी पुन्हा म्हटलं, "शिवू नका." आत्याबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पंधरा दिसांत परत? आंगात उष्णता वाडली असंल. धन्याचं पानी पी." पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवून त्या चार पावलं मागं सरल्या, मग मी तो उचलला. मला एवढंच म्हणायचं होतं की आत्याबाई, ही पाळी नव्हे. पण मग पंधरा दिवसांपूर्वीची ती कुठली, हेही सांगावं लागलं असतं. माझंच नाटक माझ्या गळ्यात आलं होतं.

दुपारी मोरीत सगळं संपलं. काय गेलं ते मी बघितलं, आणि पाणी ओतलं. याहून जास्त मला लिहवत नाही.

नऊ दिवस रक्त जात होतं, आणि आत्याबाई ते उष्णतेचंच समजत होत्या. आज मला कुणी विचारलं तर मी ओरडून सांगेन की बाई, आधी दवाखाना गाठ, आपोआप थांबेल म्हणून पडून राहू नकोस. तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. माझ्या खोलीत कुणी यायचं नाही, अंगाला कुणी हात लावायचा नाही. रीतच तशी होती, आणि ती रीत मीच मागून घेतली होती.

नवऱ्याच्या तिकडं रेंज नसायची. पाचव्या दिवशी फोन लागला. मी झालेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता आईला सांगू नगंस. उगं जिवाला लावून घील." तिच्या जिवाला! मला इतका संताप आला की मी फोन बंद केला. पण सांगितलं नाहीच. घरात कुणी गेलं की आमच्या गावात शेजारपाजारच्या बायका भाकरी-पिठलं घेऊन येतात, चूल पेटू देत नाहीत. माझ्याकडं कोण येणार होतं? जे आलेलं कुणाला ठाऊक नाही, ते गेल्याचं दुःख कुणापाशी करायचं? मी दहाव्या दिवशी न्हाले आणि भाकऱ्या थापायला बसले.

पुढच्या वर्षी परत दिवस गेले. या वेळी आत्याबाईंनीच ओळखलं आणि मला एसटीनं सांगलीला डॉक्टरबाईंकडं नेलं. रक्ताचा गट निघाला निगेटिव्ह. नवऱ्याचा पॉझिटिव्ह, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. बाळाचा गट वडिलांसारखा असला आणि त्याचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, तर आईचं शरीर त्या रक्ताशी लढायला शिकतं. पहिल्या बाळाला सहसा त्याचा त्रास होत नाही, पुढच्याला होऊ शकतो. आधीचं दिवस भरण्यापूर्वीच गेलेलं असलं तरी ते मोजायचं, कारण तेव्हाही हे लढणं टाळणारं इंजेक्शन वेळेत घ्यावं लागतं.

"आधी कधी राहिलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाई वं, पहिलटकरीण हाय," आत्याबाई म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी तसं लिहून घेतलं आणि मी टेबलावरच्या काचेकडं बघत राहिले.

पुढचे आठ दिवस मी भाकरी खाल्ली ती नुसती ढकलायची म्हणून. माझंच रक्त आत त्या बाळाशी भांडत असेल का, एवढं एकच डोक्यात. एक गेलं ते नशिबानं गेलं म्हणता येईल. दुसरं माझ्या गप्प बसण्यानं गेलं तर?

सोनोग्राफीला गेलो तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या, आत्याबाईंच्या देखतच, मी बोलून टाकलं. "डॉक्टरबाई, ही दुसरी खेप. पहिलं अडीच महिन्यांचं गेलं. इंजेक्शन घेतलं नाही, कुणाला माहीतच नव्हतं."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. आधीचं खोडून त्यांनी नवं लिहिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. रक्तात बाळाशी लढणारं काही तयार झालेलं नव्हतं. सातव्या महिन्यात एक इंजेक्शन आणि बाळंतपणानंतर लगेच दुसरं, एवढ्यावर भागणार होतं. भागलंही. ती मुलगी आता बालवाडीत जाते आणि म्हशीपेक्षा जास्त बोलते.

पण मी सांगितलं त्या दिवशी एसटीत आत्याबाईंनी एकच विचारलं, "कवा?"

"गेल्या उन्हाळ्यात. धण्याचं पाणी दिलंत तेव्हा."

त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. कवठे महांकाळ येईपर्यंत बोलल्या नाहीत, आणि त्यानंतर कितीतरी आठवडे जेवढ्यास तेवढं. गोळ्या वेळेवर हातात ठेवायच्या, दूध तापवून द्यायच्या, पण माझ्या तोंडाकडं बघायच्या नाहीत. मी समजले, खोटेपणाचा राग आहे. एकटेपण मला नवं नव्हतं, पण त्या दिवसांत ते फार बोचलं. आधी निदान कुणाला माहीत नाही म्हणून एकटी होते. आता माहीत असूनही एकटी होते.

सातव्या महिन्यात त्यांनी ओटी भरायला बायका बोलावल्या. हिरवी साडी, गजरे, सगळी हौस. शेजारच्या म्हाताऱ्या मावशी ताट उचलत म्हणाल्या, "पहिलटकरीण हाय, पाच फळं घाला गं."

"पहिलटकरीण न्हवं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "दुसरी खेप हाय तिची. पहिलं गेलं आमचं. माझ्याच घरात गेलं, आन् मला कळलं न्हाई."

मावशींनी ताट खाली ठेवलं. एका बाईनं विचारलं, "कितव्या म्हैन्यात गं?" आणि मी सांगितलं. सांगता सांगता हुंदका फुटला. ओटी भरताना बाईनं रडू नये म्हणतात. त्या दिवशी मला कुणीच तसं म्हणालं नाही.