चिखल राखणारा माणूस

पुराचं पाणी घरात शिरून ओसरलं, की आमच्याकडे एक शहाणपण गल्लीभर फिरतं: पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावू नका. चिखल तसाच ठेवा, तलाठी येईल, त्याला नुकसान दिसलं पाहिजे. हे ज्यानं पहिल्यांदा काढलं, त्याला भर चौकात उभं करून झापावं असं वाटतं. अडचण एवढीच, की आमच्या घरात ते मीच चालवलं.

आमचं गाव लोणार तालुक्यातलं, बीबीच्या अलीकडे. घरामागे नाला. काही वर्षांमागच्या भादव्यात तो मागच्या दारानं आत आला, गुडघाभर चढला आणि सकाळी निघून गेला. बायकोची शिलाई मशीन खालीच होती. अर्ध्या गावाचे ब्लाउज ती त्यावर शिवायची. घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं ते एकच.

"मेन स्विच पाडा पहिले," ती म्हणाली. तो पाडला, तेवढं एक काम बरोबर केलं. मग ती मशीन धुवायला बादली घेऊन आली.

"हात लावू नको," मी म्हणालो.

"काऊन? गंजून जाईल ना!"

"तलाठी येऊन राह्यला. त्याले दिसू दे."

"मंग फोटो काढा मोबाइलात. चिखलातच पायजे का त्याले?"

"तुले कायदा समजते का?"

मला तरी कुठे समजत होता! पारावर ऐकलेलं तोंडावर फेकलं.

समोरच्या घरच्या वहिनीनं भिंतीवर पाणी चढलं तिथवर कोळशानं रेघ ओढली, फोटो काढले आणि चिखल ओढायला घेतला. "भाऊजी, चिखल काय लेकरावानी जपता? ओला हाय तवर निघते, वाळला की फोडायले टिकास लागीन!" गल्ली हसली. मला इतका राग आला, की मी दारच लावून घेतलं. आत ओल्या गाद्या, ओली ज्वारी, ओल्या भिंती. वास सुटला. ज्वारीला मोड आले. बायको मशीनजवळून जाताना पदरानं एखादा भाग पुसायची आणि मी पाहिलं की थांबायची.

तलाठी आला तो नाकाला रुमाल लावून उंबऱ्यातच उभा राहिला. फोटो काढला, निघाला.

"अन् मशीन, साहेब?" बायकोनं विचारलं.

"पंचनामा घराचा आहे बाई. मशीनचं काही नाही."

समोर वहिनीच्या धुतलेल्या घराचाही पंचनामा झाला, रेघ आणि फोटो पाहून. मी मात्र तलाठ्याच्या, सरकारच्या, नाला बुजवणाऱ्यांच्या नावानं चौकात बोंबललो. लोक म्हणाले, माणूस खरं बोलतो.

मशीनचं चाक पुन्हा हललं नाही. "पाण्यानं गेली," मी तिच्यादेखत सगळ्यांना सांगत राहिलो. तिनं कधी खोडलं नाही. आता ती एसटीनं लोणारला जाते, दुसऱ्याच्या दुकानात दुसऱ्याच्या मशीनवर बसते.

यंदा खालच्या गल्लीत पाणी शिरलं. आम्ही दोघं मदतीला गेलो. त्या घरातली सून भिजलेली गादी धरून उभी, आणि सासरा बाजेवरून तेच सांगत होता, "ठेव ते. पंचनामा होऊ दे."

माझं डोकंच फिरलं. "उचल ते, पोरी! मेन स्विच पाडला का? फोटो काढ, रेघ ओढ, खिडक्या उघड, ओलं ते समदं उन्हात टाक. तलाठी येईन तवा येईन!"

"मोठा शहाणा तू," म्हातारा म्हणाला. "तुह्या घरी काऊन नाही केलं बे?"

"बायको करत होती. म्या करू देलं नाही. मशीन पाण्यानं नाही गेली, माह्यानं गेली."

बायको चिखलात वाकून भांडी काढत होती. ती सरळ झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"म्हाताऱ्याले सांगता? मले सांगायले कोनं अडवलं होतं तुम्हाले?"

तिनं सुनेच्या हातातल्या गादीचं दुसरं टोक धरलं आणि त्या दोघी अंगणात गेल्या.